सर्व्हर, यूपीएस आणि फुकटातलं 'नट'

आमचं औषधांच्या होलसेलचं ऑफिस सांगलीत. मागच्या पावसाळ्यात लाइट गेली, यूपीएस टीं-टीं करत राहिला, बॅटरी संपली आणि बिलिंगचा सर्व्हर धाडकन बंद. डेटाबेस सरळ करण्यात माझा रविवार गेला. यूपीएससोबतचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं, आमचा सर्व्हर उबुंटूवर, म्हणजे लिनक्सवर.

म्हणून 'नट' बसवलं, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स: यूपीएसवर लक्ष ठेवून बॅटरी संपायच्या आत कॉम्प्युटर नीट बंद करणारं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स, एक रुपया नाही. यूपीएसच्या मागचा चौकोनी यूएसबी पोर्ट ३ वर्षं धूळ खात होता, त्यात प्रिंटरची जुनी केबल खोचली. 'यूपीएससी' कमांड दिली की बॅटरी किती टक्के, लोड किती, सगळं ओळीने दिसतं. लाइट असेल तर स्टेटस 'ओएल', गेली की 'ओबी', बॅटरी तळाला टेकली की 'एलबी'. मग त्याच यूपीएसवर चालणारा, नेटवर्कवरून नटशी बोलणारा बॅकअपचा पीसी आधी बंद होतो, यूपीएसची यूएसबी केबल जोडलेला सर्व्हर सगळ्यात शेवटी. या बोलण्यासाठी सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ३४९३ नंबरचा नेटवर्क पोर्ट उघडायला विसरलो नि तासभर डोकं खाजवलं, ती चूक माझीच.

खटकलं ते सेटिंग. ५ फायली हाताने लिहायच्या. माउसवर वाढलेल्याला घाम फुटेल. आणि स्वस्तातल्या कित्येक यूपीएसना यूएसबी काय, कुठलाच डेटा पोर्ट नसतो, तिथे याचा उपयोग शून्य. घेण्याआधी यूपीएस उलटा करून बघा, नटच्या साइटवरची मॉडेलची यादीही चाळा.

परवा सकाळी मेन स्विच पाडून चाचणी घेतली. सर्व्हर शहाण्यासारखा बंद झाला. काउंटरवर अर्धं बिल झालं होतं, त्याच्या शिव्या मात्र मी खाल्ल्या.