जॅझ बेसचा हम घालवायचा, तर कोणता पॅसिव्ह (बॅटरी न लागणारा) पिकअप घ्यावा?

पिकअप म्हणजे बेस गिटारच्या तारांची थरथर पकडणारा भाग: चुंबकाभोवती गुंडाळलेली तार, म्हणजे कॉइल. एकच कॉइल असलेल्या, म्हणजे सिंगल कॉइल पिकअपमधून विजेचा सततचा गुणगुणाट येतो, तोच हम. हा हम आपल्याकडच्या बेसिस्टला अमेरिकेतल्या बेसिस्टपेक्षा जास्त छळतो, आणि त्याला साधं कारण आहे. आपली वीज 50 हर्ट्झची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला वाजणारा जी हा स्वर 49 हर्ट्झचा. हमचा दुसरा, कानाला जास्त टोचणारा घटक 100 हर्ट्झचा, आणि मोकळी जी तार 98 हर्ट्झची. म्हणजे हम अगदी आपल्या जी स्वराच्या मांडीला मांडी लावून बसतो. जी स्वर धरून ठेवा. तो विरत आला की खालचा हम त्याच्यात मिसळून आवाज सेकंदाला एक-दोनदा वरखाली होताना ऐकू येतो. अमेरिकेतला 60 हर्ट्झचा हम ए शार्प आणि बी यांच्या मधल्या फटीत पडतो, तिथे हा त्रास एवढा जाणवत नाही. म्हणूनच ‘मिक्सरवर 50 कापून टाकू’ हा साउंडवाल्याचा उपाय आपल्याला परवडत नाही. हमबरोबर जी पण जातो. हा आवाज पिकअपमध्येच मारायला हवा.

पण पैसे खर्च करण्याआधी आवाज नेमका कुठला आहे ते तपासा. बेस अँपला लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि तारांवरचा हात काढा. आता तारांना किंवा ब्रिजला (तारा अडकवलेल्या असतात त्या धातूच्या भागाला) हात लावल्यावर आवाज एकदम कमी होत असेल, तर तो शिल्डिंगचा (बाहेरचा आवाज अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा) किंवा अर्थिंगचा प्रश्न आहे. जुन्या इमारतीतल्या प्रॅक्टिस रूममध्ये तीन पिनांचं सॉकेट दिसतं खरं, पण त्याच्या अर्थच्या भोकामागे वायरच जोडलेली नसते, असं सर्रास आढळतं. तिथे नवे पिकअप लावून काहीही होणार नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि बेसच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडा. तांब्याची पट्टी, वायर, सोल्डर हे सगळं पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळून जातं.

हात लावूनही आवाज तसाच राहतो, पण खुर्चीतल्या खुर्चीत बेस घेऊन डावी-उजवीकडे वळलं की वाढतो-घटतो आणि एका विशिष्ट दिशेला जवळपास नाहीसा होतो, असं असेल तर तो चुंबकीय हम. अँपचा ट्रान्सफॉर्मर, लॅपटॉपचा अडॅप्टर, भिंतीतली जाड वायर यांच्या भोवतीचं क्षेत्र तुमच्या कॉइलमध्ये शिरतंय. तांब्याची पट्टी याला अडवत नाही. पुढचं सगळं याच हमबद्दल आहे.

तुमचा बेस कोणता?

प्रिसिजन बेस असेल तर इथेच थांबा. फेंडर कंपनीने 1957 सालीच त्याला स्प्लिट, म्हणजे दोन तुकड्यांत विभागलेली कॉइल दिली आणि ती मुळातच हम मारते. तरीही आवाज येत असेल तर वायरिंग बघा, पिकअप बदलू नका.

फेंडरचाच जॅझ बेस 1960 साली आला तो दोन सिंगल कॉइल घेऊन, एक मानेकडे (नेक) आणि एक ब्रिजकडे. हे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि उलट चुंबकांचे असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतील तर हम मरतो. एक जरा खाली आणला की परत सुरू. आता ज्याला कायम दोन्ही उघडे ठेवूनच वाजवायचं आहे, त्याला नवे पिकअप कशाला हवेत? पण बेसवादक जॅको पास्टोरियससारखा एकट्या ब्रिज पिकअपचा नाकातला, बोलका आवाज ज्याला हवा आहे, त्याची सुटका नाही. गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात वाजवून बघा: शेजारी एलईडीची भिंत, डोक्यावर डिमरवरचे दिवे, मागे जनरेटर. तिथे ब्रिज पिकअप एकटा उघडला की दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत सगळ्या पेठेला तुमचा बेस ऐकू येतो.

पी-जे बेसवर एक पिकअप प्रिसिजनचा (पी) आणि एक जॅझचा (जे) असतो; त्या बेसवाल्यांना फक्त जे बदलायचा आहे. त्यातला पी आधीच शांत असतो, त्यामुळे एकाच पिकअपच्या खर्चात काम होतं. जे-जे, म्हणजे दोन्ही जॅझ पिकअप असलेल्या बेसवाल्याने मात्र एकच बदलण्याचा मोह टाळावा. एक हम-कॅन्सलिंग आणि एक जुना सिंगल कॉइल अशी जोडी केली, तर आधी दोन्ही उघडल्यावर जो शांतपणा मिळत होता तोही जातो, कारण जुन्या पिकअपचा हम मारायला आता समोर जोडीदारच उरत नाही. घ्यायचे तर दोन्ही घ्या.

स्टॅक की स्प्लिट

जे आकाराच्या अरुंद कव्हरमध्ये दोन कॉइल बसवायच्या दोन मुख्य रीती आहेत, आणि खरा निर्णय इथेच आहे.

स्टॅकमध्ये एका कॉइलखाली दुसरी कॉइल असते. वरची तारांचं ऐकते, खालची मुख्यतः हम पकडते, आणि दोन्ही उलट जोडल्यामुळे हम वजा होतो. सेमूर डंकनचा एसटीके-जे1 आणि फेंडरचे नॉइजलेस जॅझ पिकअप या जातीचे. जमेची बाजू म्हणजे चारही तारांखाली जुन्या सिंगल कॉइलसारखी एकच सलग कॉइल राहते. दुसरी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: दोन कॉइल एकमेकींच्या अगदी जवळ असल्यामुळे, अँपला खेटून उभं राहिलं तरी दोघींमध्ये हम बराचसा सारखाच शिरतो आणि चांगला मरतो. उणी बाजू अशी की खालच्या कॉइललाही तारा थोड्या ऐकू येतातच, आणि तेवढा आवाज हमबरोबर वजा होतो. शिवाय त्या कॉइलचा सगळा तारेचा गुंता सिग्नलच्या वाटेत बसतो आणि वरची चमक खातो. ही भरपाई करायला बनवणारे वाइंडिंग वाढवतात. म्हणूनच स्टॅकवर छापलेला ओहमचा आकडा साध्या जेच्या सात-आठ किलो-ओहमपेक्षा बराच मोठा दिसला, तरी पिकअप तेवढा जोरकस असेल असं समजू नका. त्यातला मोठा वाटा खालच्या कॉइलचा असतो.

स्प्लिटमध्ये कव्हरच्या लांबीत दोन छोट्या कॉइल शेजारी-शेजारी असतात, एक ई आणि ए तारांखाली, दुसरी डी आणि जी तारांखाली. प्रिसिजनचीच कल्पना, फक्त एका सरळ रेषेत आणलेली. एका अर्ध्याची गुंडाळी उलटी, म्हणून हम मरतो. त्याचे चुंबकही उलटे, म्हणून तारांचा आवाज मात्र एकाच दिशेने जमा होतो. कुठलाच अर्धा दुसऱ्याच्या तारा ऐकत नाही, त्यामुळे वजाबाकीत स्वर जात नाही. अ‍ॅग्विलारचा एजी 4जे-एचसी, नॉर्डस्ट्रँडचा एनजे4एसई आणि फ्रॅलिनचा स्प्लिट जॅझ हे या जातीतले. स्प्लिटचा आवाज मला जरा जास्त भरीव वाटतो, प्रिसिजनच्या बाजूला किंचित झुकलेला. जुन्या जेची ती काचेसारखी कडा थोडी बोथट होते, पण बँडमध्ये ती कडा तशीही झांजांखाली दबते, आणि हा भरीवपणा मात्र टिकतो.

स्प्लिटच्या दोन अडचणी खऱ्या आहेत. पहिली, दोन अर्ध्यांमध्ये अंतर जास्त असल्याने ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ दोघांना सारखा हम मिळत नाही आणि थोडा उरतो. दोन पावलं लांब झालं की प्रश्न मिटतो. दुसरी अडचण पाच तारांच्या बेसची. मधली तार नेमकी जोडावर येते, आणि तिचा आवाज बाकीच्यांपेक्षा बारीक तर होत नाही ना, हे ऐकूनच घ्यावं लागतं. चार तारांवर हा प्रश्न येत नाही, कारण जोड ए आणि डी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो.

चार तारांच्या जॅझ बेससाठी माझं मत स्प्लिटच्या बाजूने आहे, तेही निःसंकोच. अपवाद दोन. अंगठ्याने तार आपटून वाजवायचा स्लॅप हाच ज्याचा मुख्य बाज आहे आणि जुन्या सिंगल कॉइलचं वळण ज्याला कानात पक्कं हवं आहे, त्याने आधी स्टॅक ऐकावा. आणि घरी टेबलाशी, संगणक आणि अँप यांच्या मधोमध बसून रेकॉर्डिंग करणाऱ्यानेही स्टॅकचा विचार करावा.

डिमार्झिओचा मॉडेल जे वेगळा उल्लेख करावा असा आहे. तोही हम मारतो, पण सिरॅमिक चुंबकांमुळे त्याचा आवाज आक्रमक आहे. फिरोदिया करंडक या पुण्यातल्या महाविद्यालयीन स्पर्धेच्या नाटकात पार्श्वसंगीतासाठी बेस वाजवणाऱ्या पोराला तो रुचेल असं नाही; ज्याच्या बँडमध्ये दोन गिटार सतत डिस्टॉर्शनवर असतात त्याला तो नक्की उपयोगी पडेल. त्याला चार वायर येतात, म्हणजे आतल्या दोन कॉइल सीरीजऐवजी पॅरललमध्येही जोडता येतात. पॅरललमध्ये आवाज थोडा कमी आणि जास्त खुला होतो, हम मात्र मेलेलाच राहतो. एक छोटा स्विच बसवला की एका पिकअपमधून दोन स्वभाव मिळतात.

बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअपचा मी इथे विचारच केलेला नाही. ते शांत असतात यात वाद नाही, पण पॅसिव्ह बेसवर ज्याचा जीव आहे त्याला कार्यक्रमाच्या मध्यात नऊ व्होल्टची बॅटरी शोधत फिरायचं नसतं.

मागवण्याआधी फूटपट्टी घ्या

हे पिकअप पुण्यात दुकानात जाऊन हातात घेऊन बघायला क्वचितच मिळतात. बहुतेक वेळा मागवावे लागतात, आणि सीमाशुल्क धरून चांगल्या जोडीची किंमत एखाद्या नवशिक्याच्या बेसच्या आसपास जाऊ शकते. परत पाठवणं त्रासाचं, म्हणून मापं आधी घ्या. जॅझ बेसचा नेक पिकअप साधारण 92 मिलिमीटर लांब आणि ब्रिज पिकअप त्याहून दोन-तीन मिलिमीटर जास्त असतो. पण काही स्वस्त बेसवर दोन्ही एकाच लांबीचे असतात; तिथे नेहमीची जोडी मागवली तर एक पिकअप खाचेत जातच नाही. लांबी दोन्हींची मोजा. स्टॅक घेणार असाल तर खाचेची खोलीही मोजा, कारण तो साध्यापेक्षा उंच असतो. पी-जेसाठी एकटा जे घेताना ब्रिजच्या मापाचा आहे ना, ते विक्रेत्याला विचारून घ्या.

पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटनांखालचे फिरते भाग) आणि कपॅसिटर बदलायची गरज नाही. जॅझ बेसचे 250 किलो-ओहमचे पॉट आणि टोनचा 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बहुतेक सगळ्या पॅसिव्ह पिकअपना चालतो. पॉट खरखरत असतील तर उघडलंच आहे म्हणून तेही बदला.

बसवल्यावर दोन्ही व्हॉल्यूम उघडून वाजवा. आवाज अचानक पोकळ झाला, खालचा भाग गायब झाला, तर दोन पिकअप उलट्या फेजमध्ये लागलेत, म्हणजे एकमेकांचा आवाज कापतायत. एकाच कंपनीची जोडी असेल तर सहसा असं होत नाही. पी-जेमध्ये वेगळ्या कंपनीचा जे टाकला की हमखास शक्यता असते. एका पिकअपच्या दोन वायर अदलाबदल केल्या की दुरुस्त होतं, मात्र शिल्डची वायर वेगळी असली पाहिजे, नाहीतर ग्राउंडच सिग्नलमध्ये येऊन नवा आवाज सुरू होतो. म्हणून पी-जेवाल्यांनी शिल्ड वेगळी असलेलाच पिकअप निवडावा.

मग उंची. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांच्यात अडीच-तीन मिलिमीटर अंतरापासून सुरुवात करा, जाड तारेकडे थोडं जास्त. स्प्लिटमध्ये दोन अर्ध्यांचा समतोल इथेच साधतो: ए आणि डी आलटून पालटून वाजवा, जिकडे आवाज दबतोय ती बाजू अर्धा फेरा वर घ्या, परत ऐका. यात अर्धा तास गेला तरी घाई करू नका. जुने पिकअप कागदात गुंडाळून, नेक आणि ब्रिज लिहून ठेवून द्या. उद्या बेस विकायचा झाला तर घेणारा मूळ पिकअपच मागतो.