नॅरेटर आता खरंच वापरण्यासारखा झालाय

विंडोजचा नॅरेटर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, २००० सालापासून आहे, पण बरीच वर्षं आम्हा अंध लोकांसाठी त्याचा उपयोग एवढाच, की नवीन मशीनवर एनव्हीडीए किंवा जॉज हे दुसरे स्क्रीन रीडर टाकेपर्यंत कसंबसं निभावून न्यायचं. आता तसं राहिलं नाहीये. विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की बोलायला लागतो, आणि हे विंडोज इन्स्टॉल करतानाही चालतं, म्हणजे डोळस माणसाला शेजारी बसवून "आता स्क्रीनवर काय आलंय रे" विचारत बसायला नको, माझ्या मते याच्यासाठीच अर्धे मार्क द्यावेत.

कॅप्स लॉक आणि स्पेसने स्कॅन मोड, म्हणजे एकेका अक्षराने पानावर फिरायची सोय, सुरू होतो, मग एच दाबून हेडिंग, के दाबून लिंक, टी दाबून टेबल. एनव्हीडीएची सवय असेल तर हात आपोआप चालतात. फक्त मोठ्या, गिचमिड वेबपेजवर मला अजून एनव्हीडीएच बरा वाटतो, त्यात ॲड-ऑन पण टाकता येतात आणि तोही फुकटच आहे.

मॅकवाल्यांकडे व्हॉइसओव्हर हा त्यांचा स्क्रीन रीडर २००५ पासून आहे, कमांड आणि एफ५ दाबलं की सुरू. चांगला आहे, पण प्रत्येक कमांडला कंट्रोल-ऑप्शन धरून धरून बोटं दुखतात आणि ते 'इंटरॅक्ट' करत स्क्रीनवरच्या एकेका भागाच्या आत-बाहेर जाणं डोक्यात बसायला वेळ लागतो.

बाकी बटणाला नावच दिलं नसेल तर कुठलाही रीडर नुसतं "बटण, बटण" म्हणणार, ती चूक साइट बनवणाऱ्याची, त्यासाठी रीडरचे स्टार कापू नका.