केमोतली उदासी: मिर्टाझापिन की एस्सिटालोप्राम?

कॅन्सरच्या केमोसाठी जळगाव-धुळ्याहून मुंबईच्या वाऱ्या करणारा माणूस 2 आठवडे कशातच रमत नसेल, स्वतःला घरावर ओझं समजत असेल, तर ते नुसतं ‘टेन्शन’ नव्हे, नैराश्य असू शकतं. (थकवा, भूक मरणं मात्र केमोनेही होतं.)

कळण्याची भाकरी समोर असून घास उतरत नाही, झोपही नाही? मग नैराश्यावरच्या गोळ्यांपैकी आमची पसंती मिर्टाझापिन. रात्री 7.5 ते 15 मिलिग्रॅम. झोप-भूक लवकर सुधारते, मन सावरायला 2 ते 4 आठवडे लागतात. सकाळी गुंगी राहते.

धास्ती जास्त असेल तर एस्सिटालोप्राम, हीही नैराश्यावरचीच गोळी, सकाळी 5 मिलिग्रॅमपासून. सुरुवातीला मळमळ वाढते, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्रावाचा धोका. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन चालू असेल तर आधी ईसीजी, कारण दोन्हींनी मिळून हृदयाची लय बिघडू शकते.

टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) घेणाऱ्या बाईला पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या नकोत. टॅमॉक्सिफेनचा असर घटतो. गोळी डॉक्टरांना विचारूनच, एकदम बंदही करू नये. मरणाचे विचार येत असतील तर लगेच टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, 14416.