ड्रिफ्टवुडवरील तपकिरी जाळी आणि दांडिया बाजारातील मत्स्यालयाचे दुकान

गेल्या महिन्यात आमच्या गोड्या पाण्याच्या टाकीत, ड्रिफ्टवुडच्या, म्हणजे सजावटीसाठी पाण्यात ठेवलेल्या लाकडाच्या, खालच्या अंगाला, फांद्या फुटलेल्या तपकिरी नळ्यांची बारीक जाळी दिसू लागली. नव्या लाकडावर सुरुवातीच्या काही आठवड्यांत जो पांढरा, बुळबुळीत थर धरतो, तो लाकडातून पाझरणाऱ्या शर्करेवर पोसलेल्या बुरशीचा व जीवाणूंचा असतो आणि आपोआप ओसरतो, हे मला ठाऊक होते. पण आमचे लाकूड वर्षभर पाण्यात होते. जेथून ते घेतले होते, तेथे मोबाइलवरील फोटो क्षणभर पाहून बुरशीनाशकाची बाटली माझ्या हाती ठेवण्यात आली. टाकीत कोळंबी असल्याने ते औषध घालण्याचा धीर झाला नाही, आणि शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून मी दांडिया बाजारातील एका लहानशा दुकानात गेलो.

येथील दुकानदारांनी फोटो बाजूला ठेवून टाकीच्याच पाण्यात नमुना आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी लाकडाची ढलपी पांढऱ्या ताटलीत ठेवून त्यांनी ती दहा मिनिटे मुळीच हलू दिली नाही आणि मग दहापट भिंग माझ्या हाती दिले. प्रत्येक नळीच्या तोंडाशी घोड्याच्या नालासारखा वळलेला, काचेसारखा पारदर्शक संस्पर्शकांचा (धाग्यांसारख्या बारीक सोंडांचा) तुरा उघडला होता. सुईचे टोक लागताच तो नळीत गडप झाला. इतक्या वर्षांत टाकीत मी काही एवढे सुंदर पाहिले नव्हते.

हा ब्रायोझोआ, म्हणजे वसाहत करून राहणारा चिमुकला जलचर प्राणी, बहुधा त्यातला प्लुमॅटेला, असे त्यांनी सांगितले आणि कारणेही दिली. बुरशी स्पर्शाने आखडत नाही. गोड्या पाण्यातील स्पंज या प्राण्याला संस्पर्शक नसतात. आणि हायड्रा या चिमुकल्या जलचराला ते मोजकेच असतात, शिवाय तो नळीत राहत नाही. हा जीव पाण्यातील सूक्ष्म कण गाळून खातो, मासे व कोळंबीला त्रास देत नाही, मात्र सगळी वसाहत एकदम मेली तर कुजून अमोनिया वाढतो, म्हणून औषध मुळीच घालायचे नाही. नळ्यांतील गडद ठिपके म्हणजे त्याची बीजे असून ती वाळूनही जिवंत राहतात, तेव्हा लाकूड उन्हात ठेवून सुटका होईल असे समजू नये, हेही त्यांनी बजावले. खाद्य कमी करा, फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात धुवा, एवढाच त्यांचा उपाय होता. या पाहणीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

उणिवा आहेत. जागा अगदी अरुंद आहे, कोणत्याही वस्तूवर किंमत लिहिलेली नाही, आणि ड्रिफ्टवुड ओले असतानाच वजनावर विकतात, ते मला पटले नाही. लाकूड घ्यायचे तर वाळलेले मागून घ्यावे. नमुना दाखवायचा असेल तर सकाळी दुकान उघडताच जावे, कारण संध्याकाळच्या गर्दीत ताटली दहा मिनिटे स्थिर ठेवायलाही तेथे जागा उरत नाही.