रीफ टाकीसाठी म्हणून विकलेला बनावट निळा बल्ब

आमच्या गोरेगावच्या घरी ३० लिटरची खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ वाढवायची टाकी, असून तीत झोअँथस आणि मशरूम कोरल ही प्रवाळे वाढवली आहेत. या टाकीसाठी दक्षिण मुंबईतील एका दुकानातून २,८०० रुपयांना घेतलेला एलईडी बल्ब बनावट निघाला. अशा बल्बमुळे पैसे जातात एवढ्यावरच भागत नाही, टाकीतले जीवही हळूहळू खंगत जातात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

खोक्यावर ‘५० वॉट, २०,००० केल्विन, रीफ स्पेशल’ असे छापलेले होते. काउंटरमागच्या टाकीवर गडद निळा उजेड पडला होता आणि त्यात झोअँथस हिरवे-केशरी चमकत होते. “साहेब, हाच बल्ब लावलाय, डोळ्यांनी बघून घ्या,” असे दुकानदाराने सांगितले. प्रत्यक्षात त्या टाकीच्या झाकणाखाली वेगळाच, लांबट दिवा बसवलेला होता. पुढे तक्रार घेऊन गेलो तेव्हा झाकण उघडे होते, म्हणून तो दिसला.

घरी बल्ब लावल्यावर टाकी निळी दिसत असे. मात्र काही आठवड्यांत झोअँथसचे देठ उजेडाच्या दिशेने ताणले गेले आणि मशरूमचा लाल रंग जाऊन त्यावर तपकिरी छटा आली. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषण करून त्याला अन्न पुरवतात; उजेड अपुरा पडला की या शैवालांतील रंगद्रव्य वाढते आणि प्रवाळ तपकिरी दिसू लागते. पाण्याचा खारटपणा, तापमान आणि नायट्रेट हे सारे ठीक असल्याने संशय बल्बवर आला. प्लगमध्ये बसवायच्या वॉटमीटरवर आकडा ११ वॉटच्या पुढे गेला नाही. बल्बचे पुढचे आवरण काढले तेव्हा आत घरगुती बल्बमध्ये असतात तसे पिवळट ठिपक्यांचे साधे पांढरे एलईडी होते आणि त्यांच्यावर निळ्या प्लास्टिकची पातळ चकती चिकटवलेली होती. उष्णतेने तिची कड आताच करपून वाकडी झाली होती.

फसवणुकीचे मूळ या चकतीत आहे. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा उजेड देणारी निळी चिप असते आणि तिच्यावरचा पिवळा फॉस्फर (प्रकाशाचा रंग बदलणारा लेप) त्या निळ्या प्रकाशातला मोठा भाग हिरव्या, पिवळ्या आणि लाल प्रकाशात बदलतो. त्यावर निळी चकती लावल्याने नवा निळा प्रकाश तयार होत नाही. बाकीचे रंग अडवले जातात, एकूण उजेड घटतो आणि आपल्या डोळ्याला मात्र टाकी निळी दिसते. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो आणि खोलवर निळाच पोचतो, त्यामुळे रीफच्या दिव्यात ४४५ ते ४५५ नॅनोमीटरच्या रॉयल ब्लू चिपा भरपूर असाव्या लागतात. केल्विनचा आकडा उजेडाच्या रंगाची छटा सांगतो, त्याची ताकद सांगत नाही. मोबाइलमधल्या उजेड मोजणाऱ्या लक्समीटरवरही विसंबू नये, कारण लक्स हे माप माणसाच्या नजरेवर बेतलेले असून ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक महत्त्व देते.

दुकानात जाताना जुनी सीडी आणि वॉटमीटर सोबत न्यावे. आपल्याला मिळणाराच बल्ब खोक्यातून काढून लावायला सांगावे आणि त्याचा उजेड सीडीवर तिरपा पाडून पाहावा; सीडीवर उजेडातले रंग वेगवेगळे होऊन दिसतात. खऱ्या रॉयल ब्लू दिव्याचा निळ्या-जांभळ्याचा एकच अरुंद पट्टा दिसतो. चकती लावलेल्या बल्बचा निळ्यापुढे फिकट हिरवा पट्टाही दिसतो आणि बहुधा लालही डोकावतो. पांढऱ्या आणि निळ्या चिपा एकत्र असलेल्या दिव्यात निळ्या चिपा वेगळ्या चालू करून पाहाव्यात. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता नसेल तर वस्तू तिथेच ठेवावी.

दुकानदाराने ‘विकलेला माल परत घेत नाही’ असे सांगून हात वर केले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर मुदत दिली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, तसेच बिल न देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पक्के बिल आणि वॉटमीटरचे छायाचित्र हाती असल्याने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि त्यानंतर पैसे परत मिळाले. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्कही लागत नाही.

ज्यांच्या टाकीवर असा बल्ब आधीच लागलेला आहे, त्यांनी नवा दिवा आणताच तो पूर्ण तेजाने लावू नये. मंद उजेडाला सरावलेले प्रवाळ एकदम प्रखर प्रकाशात आले की शैवाले बाहेर टाकून पांढरे पडते. आम्ही नवा दिवा सुरुवातीला अगदी कमी तेजावर ठेवला आणि झोअँथस पूर्ण उमलतात की नाही हे पाहत ते आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवले. नवे कोंब आखूड देठाचे येऊ लागले आहेत, मशरूमचा लाल रंग मात्र अजून पुरता परतलेला नाही.