असेंबल पीसी, एका पावसाळ्यानंतर: सगळं दिलं, बीपवाला स्पीकर सोडून

गेल्या दिवाळीत घेतलेला. कॉन्फिग नेहमीचंच बजेटवालं, आय थ्री, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एसएसडी, त्यावर काय लिहायचं. उन्हाळाभर मस्त चालला.

आमचं घर गोव्यात मोरजीच्या बाजूला, म्हणजे खारी हवा आणि जूनपासून कपाटातले कपडेसुद्धा दमट. चवथीच्या तोंडावर एक दिवस बटन दाबलं तर फॅन फिरतायत, लाईट लागलीय, स्क्रीन काळी ठार. बीप नाही, काही नाही. दुकानात फोन केला तर न बघताच "मदरबोर्ड गेला असणार, घेऊन या". पावसात कॅबिनेट स्कूटरवर घालून म्हापशाला जायचं, तेही शुक्रवारी बाजाराच्या दिवशी! नको रे बाबा.

प्लग काढला, पॉवर बटन थोडा वेळ दाबून धरलं, रॅम काढल्या, पिना शाळेच्या खोडरबराने हळू घासल्या (चुरा स्लॉटमध्ये पडू द्यायचा नाही), एकच रॅम परत लावली, डिस्प्ले हजर. दुसरी लावली तरी चालू. म्हणे बोर्ड गेला.

तेव्हा दोन स्टार देणार होतो. पण बोर्डाचा दोष काहीच नाही, त्याच्यावर स्पीकरच्या पिना आहेत, काय बिघडलं ते बीप देऊन बोंबलायची सोय आहे, फक्त दुकानवाल्याने भोंगाच लावलेला नाही! एका भाजीपावाच्या पैशात येणारी वस्तू, आणि कॅबिनेटला रंगीत लाईटवाले तीन फॅन लावलेत, त्या लाईटने मला काय कळणार? शेवटी मीच ऑनलाईन मागवून लावला. पुढच्या वेळी स्क्रीन गेली तेव्हा बीप-बीप थांबेचना, म्हणजे रॅमच, लगेच कळलं. एक लांब दोन आखूड असेल तर बऱ्याच बोर्डांवर ग्राफिक कार्डाची तक्रार, पण हे बीपचे कोड बायोसप्रमाणे (बोर्डावरचा, पीसी सुरू करणारा प्रोग्रॅम) बदलतात, मॅन्युअल बघा. महागड्या बोर्डांवर रॅम, सीपीयू वगैरेचे वेगळे एलईडी असतात, ते असतील तर स्पीकर नसला तरी चालेल.

बाकी किरकोळ. तारीख मागे जायला लागली आणि ब्राउझर प्रत्येक साईटला सिक्युरिटी एरर दाखवायला लागला, तर विंडोज फॉरमॅट करू नका, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल (घड्याळ चालू ठेवणारा गोल चपटा) बदला. नवा सेल ३ व्होल्टचा.

आता चार स्टार. पाचवा दिला असता, पण हल्ली गेम लावला की मधेच रीस्टार्ट होतो. संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्ब्यावर: बायोसमध्ये त्याची १२ व्होल्टची लाईन ११.३ दाखवते, ११.४ च्या खाली जायला नको. ते आकडे कधीकधी चुकीचेही असतात, म्हणून आधी मल्टिमीटर लावून बघणार. एसएमपीएस मात्र उघडणार नाही, आतले कपॅसिटर प्लग काढला तरी चार्ज धरून असतात, आणि वॉरंटी आहे अजून. तो खराब निघाला तर फक्त तोच डब्बा काढून नेणार, अख्खा पीसी नाही.