डी ड्राइव्ह भरलेलाच होता आणि आम्ही १०,९९८ रुपये देऊन बसलो

प्रिंटर अडला म्हणून कंपनीचा हेल्पलाइन नंबर नेटवर शोधला आणि सगळ्यात वर आलेला लावला. पुढचं ठरलेलं: फोनवरच्या माणसाने एनीडेस्क (दुरून आपला कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावलं, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल फुल्या दाखवल्या आणि ‘व्हायरस’ म्हणाला. धडधाकट कॉम्प्युटरमध्येही त्या फुल्या असतातच. तपासणीचे ४९९, ‘सिक्युरिटी’चे २,९९९. मग पाच मिनिटं स्क्रीन काळी झाली आणि डी ड्राइव्ह रिकामा दिसू लागला. ‘रिकव्हरी’चे ७,५००, तेही दिले. आणखी १२,००० मागितले तेव्हा नाही म्हटलं, तर विंडोज सुरू होतानाच मागितला जाईल असा पासवर्ड लावून त्याने फोन ठेवला.

विंडोज ७ अजून का वापरता, असं विचारू नका. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, हे माहीत आहे. पण जुने मराठी फॉन्ट आणि प्रिंटर पोर्टला लागणारं डोंगल (ज्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ती किल्ली) नव्या मशीनवर चालत नाही. खानदेशात डीटीपीच्या दुकानांतून अशा पेट्या अजून कामाला आहेत, आणि लग्नसराईत पत्रिका थांबत नाहीत.

जीव जळतो तो एका पट्टीपायी. ड्राइव्ह उघडला तर आत काही नाही, पण बाहेर त्याच्या नावाखाली ‘३६५ जीबीपैकी १५३ जीबी मोकळी’ तसंच लिहिलेलं. मग बाकीचे २१२ जीबी कुणाचे? ७,५०० देताना ती निळी पट्टी डोळ्यांसमोर होती. बरं, ‘हिडन फाइल दाखवा’ ही खूण लावून पाहिली होती, तरी काही दिसलं नाही. कारण त्याने फाइलींना हिडनबरोबर सिस्टिमचीही खूण लावली होती. ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल लपवा’ ही दुसरी खूण काढल्याशिवाय त्या दिसत नाहीत. दुरुस्तीच्या पोराने पट्टी पाहूनच सांगितलं, “भाऊ, फाइली कथाच गयात नहीत, दपाडेल शेतस.” म्हणजे कुठेच गेल्या नाहीत, लपवलेल्या आहेत.

आधी पासवर्ड काढावा लागला. पासवर्डाची चौकट आली की कॉम्प्युटर बंद करा, फॉरमॅट करू देऊ नका. विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून रिपेअरमध्ये जा. तिथे सी ड्राइव्ह बहुधा डी नावाने दिसतो, त्यात गफलत होते. सिस्टिम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये रेगबॅक असतं, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची जुनी प्रत. त्यातल्या सॅम, सिस्टिम, सिक्युरिटी, सॉफ्टवेअर, डिफॉल्ट या पाच फाइली शून्य आकाराच्या नाहीत आणि फसवणुकीच्या आधीच्या तारखेच्या आहेत ना, ते पाहा. मूळ पाच दुसरीकडे ठेवून या पाचही एकदम कॉन्फिगमध्ये टाका. विंडोज १० मध्ये हा मार्ग विसरा, १८०३ आवृत्तीपासून रेगबॅक रिकामंच राहतं.

विंडोज उघडल्यावर ॲट्रिब कमांडने हिडन आणि सिस्टिम या दोन्ही खुणा एकाच ओळीत काढा. एकटी हिडन काढायला गेलात तर ती नकार देते.

डेस्कटॉपवरचे फोटो मात्र त्याने खरंच उडवले होते. ते डिस्क बाहेर काढून, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फोटोरेक या पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने मिळाले, पण नावं गेली, सगळे एफ आणि आकडे. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका, पुसलेल्या फाइलींच्या जागेवरच ते बसतं. एसएसडी (चकतीऐवजी चिपवाली डिस्क) असेल आणि ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा साफ करणारी सोय, चालू असेल तर आशा सोडा.

आता अधिकाऱ्यांचं. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. ठाण्यात म्हणाले, साहेब नाहीत. आयटी कायद्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, हे खरं, पण तक्रार लिहून घ्यायला काय हरकत होती? दुसऱ्या दिवशी सांगितलं, हद्द आमची नाही, जिल्ह्याला जा. हद्दीचं कारण सांगून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. ते म्हटलं तर, ‘मग वकीलच व्हा.’ पैसे आमचे गेले आणि ऐकूनही आम्हीच घ्यायचं!

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन करा, त्याच तासात. आम्ही लाजेने दोन दिवस घालवले. यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्याचा व्यवहार नंबर, हाताशी ठेवा. एनीडेस्क काढून टाकण्याआधी प्रोग्रॅमडेटामधल्या त्याच्या फोल्डरमधली कनेक्शन ट्रेस फाइल कॉपी करा, कोणत्या आयडीवरून कधी आत आला ते तिच्यात असतं. आम्ही ती पेनड्राइव्हवर ठाण्यात दिली. तीन आठवडे झाले, अजून कुणी उघडून पाहिलेली नाही.